डांबरी वाहनतळांची डागडुजी आणि त्यांवरील लेपाचा प्रश्न

उत्तर अमेरिकेच्या उपनगरांत रस्त्याची निगा नगरपालिका किंवा राज्य राखते; परंतु रस्त्यापासून घराच्या गॅरेजपर्यंत जाणारी डांबरी वाट, जिला तेथे ड्राइव्हवे म्हणतात, आणि दुकाने, शाळा, चर्च, दवाखाने यांच्यापुढे पसरलेली वाहनतळे ही बहुतांशी खासगी मालमत्ता असते. त्यामुळे त्यांच्यावर काय पसरायचे, केव्हा पसरायचे आणि मुळात काही पसरायची गरज आहे का, याचा निर्णय रस्ते-अभियंत्याकडे न राहता घरमालक, दुकानमालक आणि हंगामी ठेकेदार यांच्याकडे जातो. या निर्णयांतून एक मोठा व्यवसाय उभा राहिला असून दर दोन ते पाच वर्षांनी डांबरी पृष्ठभागावर काळ्या द्रवाचा पातळ थर देणे, ज्याला सीलकोट म्हणतात, ही अनेक कुटुंबांना घराला रंग देण्याइतकीच स्वाभाविक गोष्ट वाटते. या प्रथेची तपासणी दोन अंगांनी करावी लागते. या लेपाने पृष्ठभागाचे आयुष्य किती वाढते, हे एक अंग. आणि झिजून निघून गेलेला लेप कुठे जातो, हे दुसरे. पहिल्या प्रश्नाचा विचार मालक करतो, कारण खर्च त्याचा असतो. दुसऱ्याचा परिणाम शेजारच्या घरात आणि खालच्या ओढ्यात होतो, म्हणून तो दीर्घकाळ कुणी विचारलाच नाही. प्रस्तुत आढाव्यात या दुसऱ्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे.

प्रथम घटकद्रव्यांविषयी. डांबरी पृष्ठभागात वजनाने सुमारे ९४ ते ९५ टक्के खडी, कच आणि वाळू असते व उरलेले ५ ते ६ टक्के बांधणारे द्रव्य असते. आज हे द्रव्य म्हणजे खनिज तेलाच्या शुद्धीकरणात तळाशी राहणारा घट्ट, चिकट अवशेष, ज्याला बिटुमेन म्हणतात. दगडी कोळसा हवाबंद भट्टीत भाजून पोलाद उद्योगासाठी कोक तयार करताना जो काळा, उग्र वासाचा द्रव निघतो, तो मात्र रासायनिक दृष्ट्या निराळा पदार्थ होय. त्याला कोलटार म्हणतात आणि त्यातील हलके घटक काढून घेतल्यावर जे उरते ते कोलटार पिच. मराठी बोलण्यात दोन्ही पदार्थ डांबर या एकाच नावाखाली येतात, म्हणून येथे बिटुमेन आणि कोलटार हे शब्द काटेकोरपणे वेगळे वापरले आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी रस्तेबांधणीत कोलटारला मानाचे स्थान होते. एडगर हूली या ब्रिटिश अभियंत्याने १९०२ मध्ये ज्या टारमॅकचे पेटंट घेतले, ते धातुमळी आणि कोलटार यांचेच मिश्रण होते. भारतीय मानकांतही रस्त्याच्या टारसाठी आयएस २१५ हे स्वतंत्र मानक आहे. तेलशुद्धीकरण वाढले तसे बिटुमेन स्वस्त व मुबलक झाले आणि रस्त्याच्या पोटातून कोलटार मागे पडले. वाहनतळांवरील लेपात मात्र ते टिकून राहिले.

डांबरी पृष्ठभाग कशाने मरतो, याविषयीची सर्वसाधारण समजूत अशी की वाहनांच्या वर्दळीने. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील ऑटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या मार्गिकांवर ठरावीक वजनाचे ट्रक सतत फिरवून जी प्रचंड चाचणी घेण्यात आली, तिने या समजुतीला आकड्यांत बांधले. एका आसावरील भार वाढला की रस्त्याची हानी त्या भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, असा निष्कर्ष त्या चाचणीतून निघाला. प्रमाण म्हणून धरलेला आसभार सुमारे ८ टन आहे; मध्यम आकाराच्या मोटारीच्या एका आसावर त्याच्या दहाव्या हिश्शाएवढे वजन येते; म्हणजे त्या प्रमाणभाराच्या एका फेरीत जेवढी हानी होते तेवढी घडवायला मोटारीच्या आसाला जवळपास १०,००० फेऱ्या माराव्या लागतील. घराच्या ड्राइव्हवेवर दिवसाला चार-सहा फेऱ्या होतात. या हिशेबाने तो वापरामुळे कधीच झिजू नये, आणि तरीही पंधरा-वीस वर्षांत तो भेगाळतो. याचे कारण वाहनांत शोधण्याऐवजी ऊन, पाणी आणि बांधणीतील हयगय यांत शोधावे लागते. वाहनतळांच्या बाबतीत एक अपवाद लक्षात घ्यावा लागतो: कचऱ्याची अवजड गाडी ज्या वाटेने येते आणि जेथे थांबून पिंप उचलते, ती पट्टी इतर भागाच्या कितीतरी आधी खचते, म्हणून जाणकार आराखडाकार तेवढ्या जागेत डांबराऐवजी काँक्रीट घालतात.

उन्हाचा आणि हवेचा परिणाम वरून सुरू होतो. बिटुमेनमधील तेलकट, हलक्या घटकांचे प्राणवायूशी संयोग होऊन हळूहळू जड व ठिसूळ घटकांत रूपांतर होत जाते. पृष्ठभागाचा काळा रंग राखाडी होतो, बारीक वाळू सुटू लागते आणि थंडीत आकुंचन पावताना तो ताण सोसू शकत नाही. सूर्याच्या अतिनील किरणांचा थेट प्रभाव वरच्या काही मिलिमीटरपुरताच असतो. खोलवरचे जरठपण हवेमुळे येते, आणि हवा किती खोल शिरेल हे दाबकामावर ठरते. रोलरने नीट दाबलेल्या थरात पोकळ्यांचे प्रमाण ६ ते ८ टक्के राहते व त्या बहुधा एकमेकींना जोडलेल्या नसतात. दाबकाम कच्चे राहिले आणि पोकळ्या त्याहून वाढल्या की त्यांचे जाळे होते व त्यातून हवा आणि पाणी दोन्ही मोकळेपणी ये-जा करतात. ड्राइव्हवे लहान असल्याने तेथे अनेकदा मिश्रण थंड होईपर्यंत रोलर पोहोचत नाही, कडा हाताने ठोकल्या जातात, आणि त्याच कडा सर्वांत आधी तुटतात. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ मध्ये हॉटमिक्स पद्धतीने बांधला गेला व पुढे अनेक दशके मोठ्या दुरुस्तीविना टिकला, हे महाराष्ट्रात वारंवार सांगितले जाणारे उदाहरण याच मुद्द्याकडे बोट दाखवते: मिश्रण गरम असताना केलेले दाबकाम आणि खालचा पक्का थर यांची भरपाई नंतरच्या कोणत्याही मलमपट्टीने होत नाही.

पाणी दोन प्रकारे काम करते. भेगेतून किंवा पोकळ्यांतून आत गेलेले पाणी खडी आणि बिटुमेन यांच्यामध्ये शिरून बिटुमेनची पकड सोडवते. गारगोटीचे प्रमाण अधिक असलेल्या दगडांत हा दोष जास्त दिसतो, म्हणून अशा खडीत विरवलेला चुना किंवा पकड वाढवणारे रसायन मिसळतात. दुसरे आणि अधिक विध्वंसक काम जमिनीत होते. थंड प्रदेशातील रस्ते हिवाळ्यात फुगून वर येतात, याचे स्पष्टीकरण पूर्वी एवढेच दिले जाई की पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. साउथ कॅरोलायना विद्यापीठातील भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९२९-३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाण्याच्या जागी बेंझिनसारखे गोठताना आकुंचन पावणारे द्रव वापरले आणि तरीही माती फुगली, तेव्हा जुने स्पष्टीकरण अपुरे असल्याचे सिद्ध झाले. गोठणारा थर खालच्या ओल्या मातीतून केशाकर्षणाने सतत पाणी वर ओढून घेतो, त्याची बर्फाची भिंगे तयार होतात आणि ती वाढत जाऊन वरचा सगळा थर उचलतात. वसंतात हे बर्फ वरून वितळू लागते, खाली अजून गोठलेली जमीन असल्याने पाण्याला निचरा मिळत नाही, आणि चिखल झालेल्या पायावरून जाणारी पहिली अवजड गाडी पृष्ठभाग मोडते. मिशिगन किंवा मिनेसोटात खड्ड्यांचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये येतो तो यामुळे. महाराष्ट्रात गोठण्याचा प्रश्न नाही, परंतु पावसाळ्याचे चार महिने पायथ्याचा मुरूम पाण्याने भरलेला राहतो आणि परिणाम फार वेगळा होत नाही. दोन्ही ठिकाणी पहिला उपचार एकच: पृष्ठभागाला मीटरमागे दीड-दोन सेंटिमीटर उतार असणे, छपराचे पन्हळ डांबरावर न सोडणे आणि कडेच्या मातीची पातळी डांबराच्या खाली ठेवणे. या बिनखर्चिक गोष्टींकडे दुर्लक्ष करून वर लेप देणाऱ्या मालकाचे पैसे पाण्याबरोबर वाहून जातात, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

दुरुस्तीची सुरुवात भेगांच्या वाचनाने व्हावी. आडव्या, बऱ्याच अंतराने पडलेल्या भेगा थंडीतील आकुंचनाच्या असतात; दोन पट्ट्यांच्या सांध्यावर सरळ रेषेत गेलेली भेग बांधणीच्या वेळचा सांधा कच्चा राहिल्याचे सांगते; मोठ्या चौकोनांचे जाळे जरठ झालेल्या बिटुमेनचे लक्षण आहे; आणि मगरीच्या कातडीसारखे लहान तुकड्यांचे जाळे दिसले की खालचा पाया खचला असे समजावे. या शेवटच्या प्रकारावर वरून काहीही ओतले तरी उपयोग होत नाही. तो भाग कापून, पाया पुन्हा घालूनच दुरुस्त करावा लागतो. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने १९७०च्या दशकात विमानतळे, रस्ते आणि वाहनतळे यांच्या पाहणीसाठी ० ते १०० गुणांचा एक निर्देशांक विकसित केला, ज्यात दोषाचा प्रकार, तीव्रता आणि व्याप यांनुसार १०० मधून गुण वजा केले जातात. ही पद्धत पुढे तेथील मानकांत समाविष्ट झाली. तिचे महत्त्व असे की ती रंगाला गुण देत नाही. राखाडी पडलेला पण अखंड पृष्ठभाग वरच्या श्रेणीत राहतो, आणि नुकताच काळा केलेला पण खाली मगरकातडी असलेला पृष्ठभाग खाली येतो.

भेगा भरण्याच्या कामातही फरक आहे. ऋतुमानानुसार जिची रुंदी साधारण ३ मिलिमीटर किंवा अधिक बदलते ती हलती भेग. तिच्यात लवचीक पदार्थ हवा, आणि त्यासाठी रबरमिश्रित बिटुमेन सुमारे १९० अंश सेल्सिअसला वितळवून ओततात. त्याआधी भेगेचे तोंड यंत्राने कोरून एकसारखे रुंद करतात, गरम हवेच्या झोताने धूळ व ओल काढून टाकतात, आणि काम शक्यतो वसंतात किंवा शरदात करतात, कारण तेव्हा भेग ना पूर्ण उघडलेली असते ना पूर्ण मिटलेली. न हलणाऱ्या भेगेत साधे इमल्शन चालते. इमल्शन म्हणजे बिटुमेनचे सूक्ष्म थेंब साबणासारख्या द्रव्याच्या साहाय्याने पाण्यात तरंगत ठेवलेला द्रव. पाणी उडून गेले की थेंब एकत्र येतात आणि तपकिरी रंगाचा काळा होतो. भेगा वेळेवर भरणे हे या संपूर्ण विषयातील सर्वांत कमी खर्चाचे आणि सर्वांत परिणामकारक काम आहे, आणि ते दिसायला अनाकर्षक असल्यामुळेच सर्वांत जास्त टाळले जाते. काळ्या वळवळत्या रेषांनी भरलेला ड्राइव्हवे कुणाला आवडत नाही.

खड्ड्यांबाबत एक अनपेक्षित निष्कर्ष नोंदवण्याजोगा आहे. अमेरिकी काँग्रेसने १९८७ मध्ये मंजूर केलेल्या पाच वर्षांच्या व १५ कोटी डॉलर खर्चाच्या महामार्ग-संशोधन कार्यक्रमात खड्डे बुजवण्याच्या पद्धतींची प्रत्यक्ष रस्त्यांवर तुलना करण्यात आली. पाठ्यपुस्तकी पद्धत म्हणजे खड्ड्याच्या कडा चौकोनी कापणे, पाणी व सुटे तुकडे काढणे, मिश्रण भरणे आणि यंत्राने दाबणे; तिच्याविरुद्ध साधी पद्धत म्हणजे मिश्रण टाकून त्यावरून ट्रकचे चाक फिरवणे. उत्तम प्रतीचे थंड मिश्रण वापरले असता, जेथे थेट तुलना झाली तेथे, साधी पद्धतही तितकीच टिकली आणि स्वस्त पडली. निकृष्ट मिश्रण वारंवार भरत बसणे हेच खरे महाग काम ठरले. हा निष्कर्ष हिवाळ्यातील तातडीच्या कामाला लागू आहे, हे मात्र विसरू नये. वाहनतळावर वेळ आणि कोरडे हवामान हाताशी असल्याने तेथे चौकोनी कापणी, कडांना बिटुमेन इमल्शनचा हात म्हणजे टॅक कोट, ५ ते ७ सेंटिमीटरच्या थरांत गरम मिश्रण आणि शेवटी सांधा बंद करणे, हाच क्रम योग्य ठरतो. अलीकडे अवरक्त किरणांच्या शेगडीने जुना थर जागेवरच मऊ करून त्यात नवे मिश्रण कालवण्याची पद्धतही रूढ झाली आहे. तिच्यात सांधा राहत नाही, हा तिचा गुण, आणि पाया खचलेला असेल तर ती निरुपयोगी, ही तिची मर्यादा. मुंबईत भर पावसात कोल्डमिक्स आणि मॅस्टिक अस्फाल्ट वापरले गेले आहे, त्यामागेही ओल्या खड्ड्यात काय टिकेल हाच प्रश्न आहे.

आता लेपाकडे वळता येईल. बाजारात मिळणाऱ्या सीलकोटमध्ये तीन कुळे आहेत: बिटुमेन इमल्शनचे, कोलटार पिचचे आणि महागडे अॅक्रिलिकचे. तिन्हींत चिकणमातीसारखे भरण आणि घसरण टाळण्यासाठी वाळू घालतात, आणि ब्रश, रबरी पात किंवा फवारणी यांनी एक-दोन हात देतात. हा थर मिलिमीटरच्या अंशाएवढा असल्याने तो पृष्ठभागाला कसलेही बळ देत नाही, रुंद भेग बंद करत नाही, आणि खचलेल्या पायावर त्याचा काहीच प्रभाव नसतो. ऊन आणि सांडलेले तेल यांपासून वरचे काही मिलिमीटर वाचवणे एवढेच त्याचे खरे काम आहे. ते काम नगण्य नाही, कारण पेट्रोल व डिझेल बिटुमेनला विरघळवतात आणि पेट्रोलपंपाच्या आवारात ही हानी स्पष्ट दिसते; परंतु लेपाने आयुष्य दुप्पट होते अशा स्वरूपाचे जे दावे विक्रीपत्रकांत आढळतात, त्यांना लेपाच्या या मर्यादित कार्याचा आधार मिळत नाही. नव्या डांबरावर लगेच लेप देणेही अयोग्य, कारण त्यातील हलके तेलकट घटक निघून जाण्यास अवधी लागतो. सहा महिने ते वर्षभर थांबण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. शिवाय वारंवार दिलेले लेप एकावर एक साचून स्वतःच तडकतात आणि पापुद्र्यांनी सुटतात. न्यू जर्सी, इलिनॉय किंवा टेक्सासमध्ये घरे घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही दर उन्हाळ्यात दारावर येणाऱ्या ठेकेदारांचा अनुभव येतो. शेजारच्या कामातून माल उरला आहे, म्हणून आजच्या आज स्वस्तात करून देतो, असे सांगून पाणी घातलेला लेप मारून जाणाऱ्या टोळ्यांविषयी तेथील ग्राहकसंस्था सातत्याने इशारे देतात.

या व्यवसायात कोलटार टिकून राहिले याला तांत्रिक कारण होते. कोलटार बहुतांशी वलयी रेणूंचे बनलेले असल्याने पेट्रोल त्याला सहज विरघळवत नाही, आणि त्याचा काळेपणा अधिक दाट असतो. भौगोलिक कारणही होते. अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागांत पोलादाचे कारखाने आणि कोकभट्ट्या असल्याने तेथे कोलटार स्वस्त मिळे, तर रॉकी पर्वतांच्या पश्चिमेला बिटुमेनचा लेप प्रचलित राहिला. ही भौगोलिक विभागणी पुढे संशोधनाला फार उपयोगी पडली, कारण तिने आपोआपच तुलनेचे दोन गट तयार करून ठेवले होते.

कोलटारचे धोके नव्याने कळले असे म्हणता येणार नाही. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी १९१५ मध्ये सशांच्या कानांवर दीर्घकाळ कोलटार लावून प्रयोगशाळेत कर्करोग निर्माण करून दाखवला. आणि १९३३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी कोलटारमधून बेंझोपायरीन हे कर्ककारक द्रव्य वेगळे काढले. हे द्रव्य ज्या कुळातले आहे त्याला बहुचक्रीय अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन, संक्षेपाने पीएएच, म्हणतात. बेंझिनची अनेक वलये एकमेकांना जोडून हे रेणू बनतात, ते पाण्यात फारसे विरघळत नाहीत आणि गाळाच्या कणांना चिकटून वर्षानुवर्षे राहतात. कोलटार पिचमध्ये वजनाने निम्म्याहून अधिक भाग याच कुळाचा असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. बिटुमेनही पूर्णतः निर्दोष नाही, रस्तेकामातील त्याच्या धुरावर त्याच संस्थेने संशय नोंदवला आहे. परंतु पीएएचच्या प्रमाणात कोलटारचा लेप बिटुमेनच्या लेपाच्या सुमारे हजारपट आहे, आणि या तफावतीपुढे बाकीचे मुद्दे गौण ठरतात.

इतके सगळे ठाऊक असूनही शाळेच्या आवारात हा पदार्थ पसरला जात होता, कारण एकदा सुकला की तो जागेवरच राहतो असे गृहीत धरले गेले होते. हे गृहीतक टेक्सासमधील ऑस्टिन शहरात कोसळले. तेथील बार्टन स्प्रिंग्ज हे झऱ्याच्या पाण्यावरचे लोकप्रिय पोहण्याचे ठिकाण एका दुर्मीळ सॅलॅमँडरचे, म्हणजे उभयचर प्राण्याचे, निवासस्थान असून हा प्राणी १९९७ मध्ये संकटग्रस्त घोषित झाला होता. आसपासच्या ओढ्यांच्या गाळात पीएएचचे प्रमाण अवाजवी आढळले आणि शहराच्या कर्मचाऱ्यांना त्याचा माग वाहनतळांपर्यंत नेता आला. त्यानंतर अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या बार्बरा माहलर, पीटर व्हॅन मीटर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरनिराळ्या वाहनतळांवरून धुऊन आलेल्या कणांची तुलना केली. कोलटारचा लेप असलेल्या तळांवरील कणांत पीएएचचे सरासरी प्रमाण किलोग्रॅममागे ३,५०० मिलिग्रॅम होते, बिटुमेनचा लेप असलेल्या तळांवर ते ६२० होते आणि लेप नसलेल्या डांबरी व काँक्रीट तळांवर ५४. शहरी ओढ्यांतील पीएएचचा दोष तोवर मोटारींचा धूर, टायर आणि गळके तेल यांच्या माथी मारला जात होता. एवढ्या मोठ्या स्रोताकडे कुणाचे लक्षच गेले नव्हते.

पुढच्या अभ्यासांनी हे चित्र विस्तारले. मध्य आणि पूर्वेकडील सहा शहरांत लेप दिलेल्या वाहनतळांवरील धुळीत पीएएचचे मध्यक प्रमाण किलोग्रॅममागे सुमारे २,२०० मिलिग्रॅम, तर पश्चिमेकडील शहरांत अवघे २ मिलिग्रॅम आढळले. देशातील ४० तलावांच्या गाळाचे विश्लेषण करता त्यातील पीएएचचा सरासरी निम्मा भाग कोलटारच्या लेपातून आला असावा, असा निष्कर्ष २०१० मध्ये निघाला. त्याच वर्षी ऑस्टिनमधील २३ तळमजल्याच्या सदनिकांतील धूळ तपासली गेली तेव्हा कोलटारच्या वाहनतळालगतच्या घरांत पीएएचचे मध्यक प्रमाण इतर घरांच्या २५ पट निघाले. हा शोध सर्वांत अस्वस्थ करणारा आहे, कारण घरातील जमिनीवर रांगणारे आणि हात तोंडात घालणारे मूल या धुळीचे पहिले भक्ष्य ठरते. बेलर विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये केलेल्या अंदाजानुसार, जन्मभर अशा तळालगत राहणाऱ्या व्यक्तीचा या मार्गाने येणारा कर्करोगाचा वाढीव धोका इतरांच्या ३८ पट होतो आणि त्यातील मोठा वाटा वयाच्या पहिल्या सहा वर्षांत पडतो. लेप दिल्यानंतर काही आठवड्यांपर्यंत तळावरून वाहून आलेले पाणी प्रयोगशाळेतील माशांच्या पिलांना आणि पाणपिसवांना मारक ठरते, हेही २०१५ मध्ये दाखवले गेले.

ऑस्टिनने पहिला अभ्यास हाती येताच निर्णय घेतला आणि १ जानेवारी २००६ पासून कोलटारच्या लेपावर बंदी घातली; असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर होते. विस्कॉन्सिनच्या डेन काउंटीने २००७ मध्ये, राजधानी वॉशिंग्टनने २००९ मध्ये हेच केले. २०११ मध्ये वॉशिंग्टन राज्याने देशातील पहिली राज्यव्यापी बंदी आणली आणि २०१४ च्या आरंभापासून मिनेसोटात ती लागू झाली. मिनेसोटाची प्रेरणा काही प्रमाणात हिशेबी होती: पावसाचे पाणी अडवणाऱ्या तळ्यांतला गाळ नगरपालिकांना ठरावीक काळाने उपसावा लागतो, आणि त्यात पीएएच भरलेले असले की तो साध्या मातीसारखा कुठेही टाकता येत नाही. ज्या खर्चाचा लेपाच्या किमतीत पत्ताही नव्हता तो असा करदात्यांच्या वाट्याला येत होता. अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही २०१६ मध्ये बंदीच्या बाजूने भूमिका घेतली.

लेप-उद्योगाने या अभ्यासांना जोरदार आक्षेप घेतले आणि त्यांचा विचार करणे न्याय्य आहे. पीएएच लाकडाच्या धुरातून, वाहनांतून आणि जुन्या वायुनिर्मिती कारखान्यांतूनही येतात. गाळातील रेणूंच्या प्रमाणावरून त्यांचा स्रोत ओळखण्याची गणिती पद्धत गृहीतकांवर अवलंबून असते. आणि बंदीनंतर ऑस्टिनच्या ओढ्यांत लगेच फरक दिसला नाही, असे उद्योगाच्या बाजूच्या संशोधकांनी मांडले. यांतील तिसरा आक्षेप काळाने बराचसा सोडवला. शहराच्या मध्यातील लेडी बर्ड तलावाच्या गाळाचे नवे थर तपासून व्हॅन मीटर आणि माहलर यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की बंदीपूर्व काळाच्या तुलनेत पीएएचचे प्रमाण ५८ टक्क्यांनी उतरले होते. जुने लेप झिजायला वर्षे लागतात, त्यामुळे ही घट सावकाश होणे अपेक्षितच होते. पहिल्या दोन आक्षेपांत तथ्य असले तरी लेप असलेल्या आणि नसलेल्या तळांवरील थेट मोजमापाला ते स्पर्श करत नाहीत. यापुढे वाद उरतो तो प्रमाणाचा, दिशेचा नाही, आणि बिटुमेन व अॅक्रिलिकचे पर्याय दुकानात उपलब्ध असताना प्रमाणावर वाद घालत बसण्यास सबळ कारण दिसत नाही.

कोलटारचे ओझे पृष्ठभाग उखडल्यावरही संपत नाही. एरवी जुने डांबरी मिश्रण खरवडून, दळून पुन्हा नव्या रस्त्यात वापरले जाते आणि हा या पदार्थाचा फार मोठा गुण आहे. पण त्यात कोलटार असेल तर ते गरम करताना विषारी वाफा निघतात. नेदरलँड्सने असे कोलटारयुक्त मिश्रण पुन्हा रस्त्यात घालण्यास मनाई केली असून ते उच्च तापमानाला भाजून त्यातील पीएएच जाळून टाकले जातात व खडी परत मिळवली जाते.

लेपाची सवय आणखी दोन ठिकाणी नडते. पाणी झिरपू देणारे सच्छिद्र डांबर, ज्यात बारीक कच वगळून पोकळ्यांचे प्रमाण १८ ते २२ टक्के ठेवलेले असते, अमेरिकेत १९७०च्या दशकापासून वाहनतळांसाठी वापरले जात आहे; त्यावर अजाणतेपणी सीलकोट दिला की त्याची छिद्रे बुजून मूळ हेतूच नष्ट होतो, आणि व्हॅक्यूमने छिद्रे साफ ठेवणे एवढीच निगा त्याला हवी असते. दुसरे म्हणजे उष्णता. ताजे काळे डांबर सूर्यप्रकाशाचा जेमतेम २० वा हिस्सा परावर्तित करते, जुने राखाडी झालेले डांबर त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे दर तीन वर्षांनी काळा लेप देणारा मालक स्वतःचे अंगण मुद्दाम तापवतो. फीनिक्स शहराने २०२० मध्ये फिकट राखाडी लेपाचा प्रयोग सुरू केला, ज्यात एका उद्यानाचे वाहनतळही होते. पृष्ठभागाचे दुपारचे तापमान ६ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले, परंतु परावर्तित किरण उभ्या माणसाच्या अंगावर येत असल्याने भर दुपारी त्याला लागणारी झळ काहीशी वाढली, असे अॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या मोजमापात आढळले. त्यामुळे रिकाम्या तळावर जे लाभदायक ते पादचाऱ्यांच्या वाटेवर तसेच ठरेल असे गृहीत धरता येत नाही.

जेथे बंदी नाही अशा राज्यांत निवड अजूनही ग्राहकाकडेच आहे, आणि तिला लागणारी माहिती पिंपावरच्या ठळक नावात नसते. रिफाइंड टार, आरटी-१२, नुसते टार किंवा कोल यांपैकी कोणताही शब्द घटकांत दिसला तर तो कोलटारच समजावा. काही मालावर असा एकही शब्द नसतो, तेव्हा उत्पादकाचे सुरक्षा-माहितीपत्रक मागवून त्यात ६५९९६-९३-२ हा रासायनिक नोंदणी क्रमांक शोधावा लागतो, कारण कोलटार पिच कोणत्याही व्यापारी नावाने विकले तरी त्याचा हा क्रमांक बदलत नाही.